"घालतो की!" म्हणायच्या आधी: कॅलिफोर्नियातल्या मराठी आई-बाबांसाठी रिजनल सेंटर आणि लँटरमन कायदा

इनटेकच्या, म्हणजे पहिल्या ओळखीच्या, मुलाखतीला रिजनल सेंटरची बाई घरी आली, तेव्हा सासूबाई पुण्याहून आलेल्या होत्या. मुलगा सहा वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालेलं. "तो स्वतःचे कपडे स्वतः घालतो का?" बाईने विचारलं. मी सासूबाईंना प्रश्न मराठीत सांगितला मात्र, त्या लगेच म्हणाल्या, "घालतो की! शहाणा आहे अगदी." हे बोलताना त्यांची बोटं नातवाच्या शर्टाचं तिसरं बटण लावत होती. मीही ते वाक्य तसंच इंग्रजीत सांगून टाकलं. चार महिन्यांनी पत्र आलं: पात्र नाही.

पुढे तो निर्णय फिरला, पण सहा-सात महिने गेले. त्यानंतर ओळखीच्या पाच-सहा घरांना याच वाटेने जाताना पाहिलं आणि प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगितलं. ते इथे एकदाच लिहून ठेवते.

सेंटर कोणाचं, कायदा कोणाचा

रिजनल सेंटर म्हणजे सरकारी कचेरी नव्हे. वाढीच्या अडचणी असलेल्या मुलांना आणि मोठ्यांना सेवा मिळवून देणाऱ्या, राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ डेव्हलपमेंटल सर्व्हिसेसशी, म्हणजे डीडीएसशी, करार केलेल्या या ना-नफा संस्था. राज्यभरात अशा २१ आहेत आणि प्रत्येकीचा भाग ठरलेला आहे. सॅन होजे, सनीव्हेल, क्युपर्टिनो हे सॅन अँड्रियासकडे. फ्रीमाँट, प्लेझंटन, सॅन रमोन हे ईस्ट बेकडे. अर्व्हाइनवाल्यांचं ऑरेंज काउंटीचं. कोणतं सेंटर हे तुम्ही निवडत नाही, तुमचा पत्ता ठरवतो.

१९६६ मध्ये लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को इथे प्रयोग म्हणून दोन केंद्रं सुरू झाली. तोवर अशा मुलांसाठी राज्याकडे मोठमोठ्या इस्पितळवजा संस्था होत्या आणि तिथे जागा मिळायलाही रांग होती. १९६९ मध्ये फ्रँक लँटरमन या रिपब्लिकन आमदाराचा कायदा झाला आणि ही व्यवस्था राज्यभर न्यायचं ठरलं. त्याचं आजचं रूप म्हणजे लँटरमन कायदा. १९८५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की या कायद्याखालच्या सेवा हा पात्र व्यक्तीचा हक्क आहे. म्हणून टेक्ससमध्ये राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला मुलाचं नाव प्रतीक्षायादीत घालून वर्षानुवर्षं थांबावं लागतं आणि इथे पात्र ठरलेल्या मुलाला तशी रांग नाही.

हे आधी सांगते, कारण आपली माणसं तिथे हात जोडून जातात. "त्यांनी काही दिलं तर बघू" असा सूर असतो. सेंटर देतं ते कायद्याने द्यायचं असतं म्हणून देतं, आणि कायदा बदलला की त्याचं देणंही बदलतं. कायद्याकडे लक्ष ठेवायचं ते एवढ्यासाठी.

पहिला फोन, पण लिहून

मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर मागायचं ते अर्ली स्टार्ट, म्हणजे लहानग्यांना लवकर मदत देणारा कार्यक्रम. इथे निदानाची वाट पाहायची नसते. वाढीच्या एका क्षेत्रात २५ टक्के मागे असलं तरी चालतं. २०२२ पर्यंत हा आकडा ३३ होता, म्हणजे त्याआधी नकार मिळालेल्या थोरल्याचा अनुभव धाकट्याला लावू नका. नाव नोंदवल्यापासून ४५ दिवसांत तपासणी आणि पहिली योजना व्हायला हवी.

पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी तात्पुरती पात्रता नावाची वेगळी वाट आहे. निदानाचा कागद हातात नसला तरी पाचांपैकी (पुढे दिलेल्या सात क्षेत्रांतली पहिली पाच) दोन क्षेत्रांत ठळक अडचण दिसली की मूल आत येतं. २०२१ मध्ये ही सोय फक्त तीन आणि चार वर्षांच्या मुलांना होती, २०२३ मध्ये ती जन्मापासून पाच वर्षांपर्यंत झाली. बालरोगतज्ज्ञ "थोडं थांबून बघू" म्हणत असतील तर त्यांना थांबू द्या, तुम्ही थांबू नका.

मोठ्या मुलांसाठी पाच दारं आहेत: बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, एपिलेप्सी, ऑटिझम, आणि बौद्धिक अक्षमतेसारख्याच मदतीची गरज लागणारी इतर स्थिती. ती वयाच्या अठराव्या वर्षाआधी सुरू झालेली हवी. पात्रतेसाठी नागरिकत्वाची अट नाही. एच-१बी आहे, ग्रीन कार्ड अडकलंय, म्हणून फोनच न केलेली दोन घरं मला माहीत आहेत. कॅलिफोर्नियात राहणं पुरतं. मेडी-कॅल, म्हणजे राज्याचा सरकारी आरोग्यविमा, हा वेगळा कार्यक्रम आहे, त्याचे नियम वेगळे. तिथे शंका असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, पण त्या शंकेपायी रिजनल सेंटर सोडू नका.

फोन जरूर करा, पण त्याच दिवशी ईमेलही पाठवा: मुलाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, काय काळजी वाटते ते दोन ओळींत, "इनटेक आणि पात्रतेची तपासणी मागत आहे" हे शब्द, आणि मराठी दुभाषी हवा असेल तर तेही. कायद्यातली मुदत मागणीच्या तारखेपासून मोजतात. फोनवरच्या बोलण्याला तारीख नसते. इनटेक १५ कामाच्या दिवसांत, आणि तपासणी करायची ठरली तर तिथून १२० दिवसांत पात्रतेचा निर्णय. मी तेव्हा फ्रिजवर महालक्ष्मीचं कॅलेंडर लावलं होतं, त्यात या तारखा एकादशीच्या शेजारी लाल पेनने लिहिल्या होत्या.

सात क्षेत्रं आणि आपली जीभ

निदान असूनही नकार येतो तो इथे. नुसता ऑटिझम असून भागत नाही. सातपैकी किमान तीन क्षेत्रांत, वयाच्या मानाने, ठळक मर्यादा दिसावी लागते. स्वतःची निगा, भाषा समजणं आणि बोलणं, शिकणं, हालचाल, स्वतःला सावरणं आणि वळण लावणं, स्वतंत्र राहण्याची क्षमता, आर्थिक स्वावलंबन. ही "तीन"ची अट मुळात नव्हती, २००३ च्या बजेटबरोबर आली. शेवटची दोन क्षेत्रं सहा वर्षांच्या मुलाला लावणं अवघड, म्हणजे खरी लढाई पहिल्या पाचांत.

आपल्या घरात मुलाबद्दल वाईट बोलायचं नसतं. परक्या माणसासमोर तर नाहीच. शिवाय आपल्याकडे आजी असते, आई असते, ताई असते, आणि मुलाचं निम्मं काम या बायकांच्या हातांनी परस्पर होऊन जातं. ते इतकं सवयीचं की आपल्याला दिसतही नाही. मुलाखतीत प्रश्न असतो "तो करतो का", आपण उत्तर देतो "होतं का". होतं, पण कोणाच्या हातून?

म्हणून मुलाखतीच्या आधी दोन आठवडे मी आता सगळ्यांना एक वही करायला सांगते. दात घासणं, संडास, कपडे, जेवण, रस्ता ओलांडणं, झोप, घरातून बाहेर पडणं. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहायच्या: कोणी किती मदत केली, किती वेळ लागला, मदत नसती तर काय झालं असतं. आमच्या वहीतली एक नोंद अशी होती: "मंगळवार, सकाळ. ब्रशवर पेस्ट मी लावली. चार वेळा सांगितलं. ब्रश तोंडात धरून नळाकडे बघत उभा. शेवटी मी घासले. ११ मिनिटं." अशा चौदा नोंदी कोणत्याही रिपोर्टाइतक्याच बोलक्या असतात. अपिलात आमचा निर्णय फिरला त्यात शाळेच्या सायकॉलॉजिस्टच्या अहवालाबरोबर या वहीचाही वाटा होता.

घरच्यांना आधी समजवा. मी सासूबाईंना म्हटलं होतं, "आई, तुम्ही त्याचं कौतुक करा, पण ती बाई गेल्यावर." दुसऱ्या वेळी त्या गप्प बसल्या, आणि शेवटी स्वतःहून म्हणाल्या की हा रात्री दोनदा उठतो, दार उघडून बाहेर जातो, म्हणून मी दाराशी गादी टाकते. ते वाक्य अहवालात जसंच्या तसं आलं.

शाळेचा आयईपी, म्हणजे विशेष शिक्षणाची योजना, असला म्हणजे रिजनल सेंटर आपोआप मिळतं असंही नाही, आणि उलटही नाही. शाळा शिक्षणापुरतं बघते, तिचे निकष वेगळे.

आयपीपी: ज्यावर सही कराल तेवढंच मिळेल

पात्रता ठरली की सर्व्हिस कोऑर्डिनेटर मिळतो आणि तपासणी संपल्यापासून ६० दिवसांत आयपीपी, म्हणजे मुलाची वैयक्तिक योजना, व्हायला हवी. तीन वर्षांतून किमान एकदा तिचा फेरविचार होतो. मधे गरज बदलली तर लेखी मागा, ३० दिवसांत बैठक घ्यावी लागते. मुलाच्या आरोग्याला किंवा सुरक्षेला धोका असेल तर सात दिवसांत.

बैठकीत गप्पा छान होतात. कागदावर काय उतरतं ते बघा. "कुटुंब रेस्पाइटचा विचार करेल" हे वाक्य म्हणजे काही नाही. "महिन्याला ३० तास रेस्पाइट, अमुक तारखेपासून" म्हणजे काहीतरी. रेस्पाइट म्हणजे मुलाजवळ दुसरं कोणी बसून आई-बाबांना मिळणारा मोकळा वेळ. आपल्याकडच्या बायका हे मागायला लाजतात, "मला काय करायचाय आराम" म्हणतात. मागा. २००९ ते २०१७ या काळात त्यावर तिमाहीला ९० तासांची कमाल मर्यादा होती, २०१८ पासून ती गेली. तरी "नव्वदच देतो" अशी सवयीची उत्तरं अजून ऐकू येतात.

योजनेची प्रत तुमच्या भाषेत मागता येते आणि दुभाष्याचे पैसे तुम्ही द्यायचे नसतात. इंग्रजी येत असलं तरी आजी-आजोबांसाठी मराठी प्रत मागून घ्या, मुलाजवळ दिवसभर तेच असतात. एखादा मुद्दा पटला नाही तर सगळी सही अडवू नका. पटलेल्या भागावर सही करून नापसंतीचा भाग शेजारी लिहिता येतो, म्हणजे बाकीच्या सेवा सुरू होतात.

"आधी तिकडे मागा"

सेंटर हे कायद्याने शेवटचं दार आहे. आरोग्यविमा, शाळा, मेडी-कॅल, काउंटीचा आयएचएसएस (घरी मदतनीसाचा कार्यक्रम) यांच्याकडून मिळू शकत असेल ते आधी तिथून घ्यायचं. हे नुसतं टाळणं नाही, खरंच तसा नियम आहे. बिहेवियर थेरपीचा खर्च विमा कंपन्यांनी द्यावा असा राज्याचा कायदा २०१२ पासून लागू आहे. आपल्यापैकी बरेच जण मोठ्या टेक कंपन्यांत, आणि त्यांच्या विमा योजना बहुधा स्वयंनिधीच्या, म्हणजे पैसे कंपनीच्या खिशातले. त्यांच्यावर राज्याचा विमा कायदा चालत नाही. एचआरला एकच प्रश्न विचारा: योजना सेल्फ-फंडेड आहे का? असेल आणि थेरपी नाकारली असेल तर नकाराचं पत्र मागून घ्या. तो कागद सेंटरपुढे ठेवला की "आधी तिकडे मागा" हे वाक्य तिथे संपतं. इथे तोंडी नकाराला किंमत नाही.

नोटीस आली तर

सेवा नाकारली, कमी केली, बंद केली किंवा पात्रताच नाकारली, तर सेंटरने लेखी नोटीस ऑफ अ‍ॅक्शन द्यायची असते. त्यात काय केलं, का केलं, कोणत्या कायद्याच्या आधारे केलं, हे हवं. चालू सेवा कापायची असेल तर ३० दिवस आधी.

बहुतेक वेळा नोटीस येतच नाही. कोऑर्डिनेटर फोनवर म्हणतो, "हे आमच्याकडे होत नाही." तेव्हा वाद घालू नका. ईमेल करा: "आज फोनवर आपण अमुक सेवा देता येणार नाही असं सांगितलंत. कृपया त्याची नोटीस ऑफ अ‍ॅक्शन पाठवा." माझ्या पाहण्यात दोनदा एवढ्यावरच सेवा मंजूर झाली. का, याची कारणं मी शोधत बसले नाही.

नोटीस मिळाल्यापासून अपिलाला ६० दिवस. पण चालू सेवा अपिलाचा निकाल लागेपर्यंत तशीच राहावी असं वाटत असेल, तर नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत आणि सेवा थांबायच्या आधी अपील जायला हवं. या ३० आणि ६० मध्ये लोक फसतात. साठ दिवस आहेत म्हणून निवांत बसतात आणि पस्तिसाव्या दिवशी थेरपिस्ट येणं बंद होतं.

अपील डीडीएसकडे जातं, ऑनलाइनही करता येतं. त्यात तीन गोष्टी मागता येतात: सेंटरशी अनौपचारिक बैठक, मध्यस्थी, आणि न्यायाधीशापुढची सुनावणी. तिन्हींवर खूण करा, नंतर नको असलेली सोडता येते. आमचं काम अनौपचारिक बैठकीतच झालं: टेबलावर वही, शाळेचा अहवाल, आणि सात क्षेत्रांची यादी करून प्रत्येकापुढे पानांचे क्रमांक. वकील नव्हता. मदतीला होती ती क्लायंट्स राइट्स अ‍ॅडव्होकेट. प्रत्येक सेंटरच्या भागासाठी अशी एक व्यक्ती असते, डिसेबिलिटी राइट्स कॅलिफोर्निया या संस्थेकडून. ती सेंटरची नोकर नसते आणि पैसे घेत नाही. हा नंबर पहिल्या दिवशीच लिहून ठेवा.

राजधानी सॅक्रामेंटोकडे एक डोळा

आता तो भाग जो फोनवर सांगितला की समोरचा "हो हो" म्हणतो आणि विसरतो.

२००९ च्या मंदीत राज्याने बजेट सावरायला शिबिरं, खेळ-छंदवर्ग आणि आणखी काही सेवांवर सेंटरला खर्च करायला बंदी घातली. कायद्यात एक कलम घातलं, ४६४८.५, आणि पोहण्याचे वर्ग बंद. त्या सेवा बारा वर्षांनी, २०२१ च्या उन्हाळ्यात, तशाच एका बजेटविधेयकातून परत आल्या. पण बारा वर्षांत कोऑर्डिनेटरांची एक पिढी बदलली होती. मी पोहण्याच्या वर्गाचं विचारलं तेव्हा उत्तर आलं, "सोशल रिक्रिएशन आम्ही देत नाही." मी त्या कलमाची २०२१ मधली दुरुस्ती ईमेलमध्ये चिकटवली. दोन महिने लागले, पण वर्ग मिळाला. सेंटरचं खरेदी धोरण त्यांच्या संकेतस्थळावर असतं. ते कायद्यापेक्षा मोठं नसतं आणि बरेचदा कायद्याच्या मागे चालतं.

तर वर्षातून चार वेळा बघायचं. १० जानेवारीच्या सुमाराला गव्हर्नरचा बजेटचा मसुदा येतो, त्यात डीडीएसचा भाग तेवढा वाचा. १४ मेपर्यंत मे रिव्हिजन येतं. कपात होणार असेल तर बहुधा इथे डोकं वर काढते. १५ जूनपर्यंत विधिमंडळाने बजेट मंजूर करायचं असतं आणि त्याच्या मागोमाग ट्रेलर बिलं येतात. नाव बजेटचं, पण आत कायद्याचं कलमच बदललेलं असतं, आणि ती बरेचदा सही झाल्याक्षणी लागू होतात. चौथी वेळ सप्टेंबर-ऑक्टोबर, तेव्हा गव्हर्नर बाकीच्या विधेयकांवर सही करतो किंवा व्हेटो करतो. ही साधारण पुढच्या १ जानेवारीपासून लागतात. विधेयकाच्या क्रमांकाआधी एबी म्हणजे ते असेंब्लीचं, एसबी म्हणजे सेनेटचं.

विधेयक वाचायला वकील लागत नाही. राज्याच्या लेजिन्फो या संकेतस्थळावर क्रमांक टाका आणि "टुडेज लॉ अ‍ॅज अमेंडेड" हा टॅब उघडा. आजच्या कायद्यात हे विधेयक काय घालतं, काय खोडतं ते तिथे दिसतं: घातलेलं निळं तिरपं, खोडलेलं लाल, मधून रेघ मारलेलं. मी फक्त लाल वाचते. गेलेलं महत्त्वाचं, आलेलं नंतर कळतंच.

बोलायचं असेल तर बजेटच्या उपसमित्यांच्या सुनावण्यांत सामान्य माणसाला मिनिटभर मिळतं. मुलाचं वय, सेवा, ती गेली तर सोमवारी सकाळी घरात काय होईल, एवढं त्यात बसतं. सॅक्रामेंटोला जाणं जमत नसेल तर तुमच्या आमदाराच्या स्थानिक कार्यालयात जा. तिथला स्टाफर चिठ्ठ्या मोजतो, आणि मतदार नसलात तरी त्या भागाचे रहिवासी आहातच. सेंटरच्या संचालक मंडळाच्या बैठकाही खुल्या असतात. त्या मंडळात निम्म्या जागा सेवा घेणाऱ्या व्यक्ती आणि पालक यांच्यासाठी आहेत, पण तिथे मराठी आडनाव मी अजून पाहिलेलं नाही.

आणखी एक: प्रत्येक सेंटर दरवर्षी वंश, वय आणि भाषेनुसार कोणावर किती खर्च झाला याची आकडेवारी जाहीर करतं. त्यात मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष वापरलेली रक्कम असे दोन रकाने असतात. आपल्याच सेंटरचा तक्ता उघडून हे दोन रकाने शेजारी ठेवून बघा. मंजूर होऊनही न वापरलेल्या पैशात आपलाही वाटा असतो, कारण रेस्पाइटला माणूसच मिळत नाही आणि आपण दुसऱ्यांदा विचारत नाही. नातेवाईक त्या कामाला लावता येतो का, हे रेस्पाइट पुरवणाऱ्या एजन्सीला विचारा. एकाच घरात न राहणारी मावशी-काकू पुष्कळदा चालते.

घर बदललं तर

राज्यातल्या राज्यात पात्रता तुमच्याबरोबर येते, नव्या सेंटरला ती नव्याने तपासत बसायचं कारण नसतं. सनीव्हेलहून डब्लिनला जाताय तर महिनाभर आधी दोन्हीकडे लिहा, चालू आयपीपीची प्रत स्वतःजवळ ठेवा, आणि नव्या ठिकाणी बैठक होईपर्यंत जुन्या सेवा चालू ठेवा असं लेखी मागा. ऑस्टिन किंवा सिअ‍ॅटलची नोकरी आली असेल तर सही करायच्या आधी तिथल्या प्रतीक्षायादीचा फोन नंबर काढा. लँटरमन कायदा नेवाडाच्या हद्दीवर संपतो.